आदिमानवाची बदनामी

आमच्या सोसायटीत परवा एक गृहस्थ पोळी खाताना पकडले गेले. रात्री साडेदहाला, गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. हातात तूप-साखर लावून गुंडाळलेली गव्हाची पोळी. पकडलं खुद्द सौभाग्यवतींनी आणि बोभाटा केला वॉचमनने. बाटली सापडली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. सिगारेट असती तर ‘ऑफिसात ताण असेल बिचाऱ्याला’ म्हणून सोडून दिलं असतं. पण पोळी! तीही साखर घालून! दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांच्याशी कोणी धड बोलेना. बी विंगेतल्या वहिनी तर एवढंच म्हणाल्या, “वाटलं नव्हतं हो त्यांच्याकडून असं.”

तर मंडळी, शहाडात आदिमानव अवतरला आहे. कल्याणच्या पुढच्याच स्टेशनात, बिर्ला मंदिरातल्या विठोबाच्या नजरेसमोर आणि सेंचुरी रेयॉनच्या शेजाराला, चांगली शिकलीसवरलेली, घराचे हप्ते भरणारी माणसं अश्मयुगात राहायला गेली आहेत. फ्लॅट तोच, मेंटेनन्स तोच, सकाळची कसारा लोकल तीच. स्वयंपाकघर तेवढं दहा हजार वर्षं मागे सरकलंय. या प्रकाराला पॅलिओ म्हणतात. शेती सुरू होण्याआधी माणूस जे खात होता तेवढंच खायचं, असा त्याचा दंडक. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, बदाम-अक्रोड चालतील. धान्य बंद. डाळी बंद. दूध बंद, म्हणजे त्याच्या मागोमाग दही, ताक, पनीर सगळं बंद. साखरेचं तर नावच नको.

आता हा दंडक मराठी ताटाला लावून बघा. भात गेला, वरण गेलं, पोळी गेली, आमटी गेली, कढी गेली. शिल्लक राहिली डावी बाजू, आणि तिथेही कोशिंबिरीतलं दही नि दाण्याचं कूट काढून टाकायचं, कारण शेंगदाणा जातीने कडधान्य निघाला. राहता राहिलं काय, तर लिंबाची फोड. पूर्वी पाहुण्यापुढे कोरा चहा आला की दूध नासलं असावं, असं आपण मनातल्या मनात समजून घ्यायचो. आता समजतं की घरात कुणीतरी डाएटवर आहे आणि पुढचा पाऊण तास आपली सुटका नाही.

मागे एका घरी केळवण होतं. केळवण! जिथे नवऱ्यामुलीला खाऊ घालून घालून लग्नाचं ब्लाउज उसवायला लावायचं असतं. ताटात मसालेभात म्हणून वाढला तो किसलेला फ्लॉवर. वर काजू, कोथिंबीर, खोबरं, सगळा थाट साग्रसंगीत. फक्त तांदूळ नाही. मुलीच्या डोंबिवलीच्या मावशीने दोन घास खाल्ले आणि कनवाळूपणे विचारलं, “तांदूळ फार महागलेत का गं तुमच्याकडे?” त्याच घरात आता साखरपुडा ठरतोय आणि पुड्यात साखरेऐवजी काय ठेवायचं यावर चर्चा चालू आहे म्हणे.

उल्हासनगरच्या बाजूला तर आणखी हाहाकार. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसं इथल्या लष्करी छावणीत उतरली, १९४९मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि छावणीच्या बराकींबरोबर दाल-पकवानही इथलंच झालं. रविवारी सकाळी ते खाणं हा कॅम्पातला अर्धा धर्म. आता तिथेही गाडीसमोर उभं राहून नुसता वास घेणारे इसम दिसू लागलेत. एकाने म्हणे ‘दाल नको, पकवान नको’ अशी ऑर्डर दिली. गाडीवाल्याने शांतपणे त्याला कांदा दिला आणि पैसे घेतले नाहीत. वडापावाची तर यांनी पार कत्तल केली. पाव धान्याचा, बेसन डाळीचं आणि आतला बटाटा पॅलिओच्या मूळ पुस्तकातच वर्ज्य. राहिली एकटी तळलेली मिरची, आणि तीसुद्धा पोर्तुगीजांनी आणलेली. आपल्याकडच्या आदिमानवाने ती बापजन्मात पाहिली नव्हती.

तसं आपण मराठी माणसांनी डाएटच्या बाबतीत कधी उपाशी राहायचं नाही असं ठरवलेलंच आहे. मागे डॉक्टर दीक्षितांचं डाएट आलं. दिवसातून दोनदाच जेवायचं, पण प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत. तेव्हा आमच्याकडे लोक घड्याळ लावून जेवायचे आणि चौपन्नाव्या मिनिटाला जिलेबीवर झडप घालायचे. दुसरीकडे आहारतज्ज्ञ दिवेकरांचा पक्ष: थोडं थोडं, वेळच्या वेळी, आणि भातावर तूप हवंच. २०१८च्या सुमारास या दोन पक्षांत घरोघरी अशी जुंपली होती की भावाभावांनी एका पंगतीला बसणं सोडलं. मग २०२३ साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून आलं. बाजरी एकदम श्रीअन्न झाली, नाचणीचे केक झाले, ज्यांच्या आज्यांनी ज्वारीची भाकरी थापून थापून हात झिजवले त्या नातवंडांनी ज्वारीच्या पोह्यांचं पाकीट दोनशे रुपयांना घेतलं. तीच मंडळी आता म्हणतात, धान्य म्हणजे विष. बाजरीला कळेना, की आपण देवी की हडळ.

हे डाएट मात्र खरोखरचं मेड इन यूएसए. आमच्या शेजारच्या यूएसएचं, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचं, नव्हे. वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने १९७५मध्ये ‘द स्टोन एज डाएट’ लिहिलं. १९८५मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अश्मयुगीन आहारावर लेख छापला आणि विषयाला जरा अंगरखा-पागोटं चढलं. २००२मध्ये लॉरेन कॉर्डेन या प्राध्यापकांचं ‘द पॅलिओ डाएट’ आलं आणि मग काय, दुकानच उघडलं. आपल्याकडे तमिळनाडूत या पंथाने चांगलं मूळ धरलं. तिथे न्याहारीला शंभर बदाम मोजून खातात. शंभर! आमच्याकडे रात्री भिजवलेले चार बदाम सकाळी सोलून मुलाच्या हातावर ठेवले की आईला वाटतं, याचं आता गणितात शंभरपैकी शंभर.

लोक बारीक होतात का? होतात की. खोटं कशाला बोला. जो माणूस चहाबरोबर खारी, चार वाजता फरसाण, ट्रेनमध्ये चिक्की आणि रात्री जेवणावर आइस्क्रीम असं वर्षानुवर्षं करत आला, त्याचं हे सगळं एका दिवसात बंद झालं तर काटा खाली येणारच. त्यात अश्मयुगाचं कौतुक कमी आणि बेकरी बंद झाल्याचं जास्त. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत किंवा मूत्रपिंडाचं काही दुखणं आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करू नये, हे मात्र चेष्टेत न घालवता सांगते.

पण माझा खरा संताप पोळीवरून नाहीच. पोळी आपली बाजू आपण लढवेल. मला राग येतो तो त्या बिचाऱ्या आदिमानवाची चाललेली बदनामी बघून. तो मेलाय, त्याला वकील नाही, म्हणून त्याच्या नावावर काय वाट्टेल ते खपवायचं?

फ्लॉवरचंच घ्या. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही सगळी एकाच युरोपीय रानझुडपाची शेतकऱ्यांनी वाढवलेली लेकरं. हिंदुस्थानात फ्लॉवर आला इंग्रजांबरोबर, १८२२च्या सुमारास, सहारनपूरच्या बागेत. म्हणजे आपल्या आदिमानवाने फ्लॉवरचा मसालेभात खाल्ला असेलच, तर कंपनी सरकारच्या राज्यात खाल्ला असणार. बदामाचं तर विचारूच नका. रानटी बदाम कडूजहर, आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं. गोड बदामाची झाडं निवडून लावत आला तो शेतकरीच. आदिमानवाने आपल्या रानबदामांनी न्याहारीचे शंभर पुरे केले असते तर त्याचा वंश तिथेच खुंटला असता आणि आज शहाडात डाएट करायला कुणी राहिलं नसतं. आणि कोंबडी? जंगली कोंबडा पकडायला माणसाला काट्याकुट्यांतून धावावं लागायचं. त्यातच निम्मं वजन उतरत असावं. इथे पोल्ट्रीत सहा आठवड्यांत दोन किलोची झालेली ब्रॉयलर, तीही घरपोच, लिफ्टने वर.

आता धान्याची गंमत ऐका. निअँडरथल माणसाच्या दातांवर साचलेली कीट शास्त्रज्ञांनी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. इराकमधल्या शानिदार गुहेतल्या दातांवर जवाच्या जातीच्या गवताचे पिठूळ कण सापडले, काही तर शिजवलेले. २०११मध्ये हे छापून आलं. इस्रायलमध्ये गॅलिलीच्या सरोवराकाठी तेवीस हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत एक दगडी पाटा मिळाला; त्यावर रानटी जव कुटल्याच्या खुणा. आणि जॉर्डनच्या वाळवंटात चुलीच्या राखेत चौदा हजार चारशे वर्षांपूर्वीच्या भाकरीचे जळके तुकडे मिळाले. रानात वेचलेलं धान्य दळून, त्यात कंदाचं पीठ मिसळून भाजलेली चपटी भाकरी. तिथे शेती सुरू व्हायला अजून चार हजार वर्षं होती! म्हणजे भाकरी आधी आणि नांगर नंतर. आता गच्चीवर पकडल्या गेलेल्या गृहस्थांना हे कुणी सांगितलं असतं, तर ते खुशाल दिवाणखान्यात बसून पोळी खाते झाले असते. साखरेचा खुलासा मात्र त्यांचा त्यांनाच करावा लागला असता.

मग तो चोवीस तास मटण खाणारा, हातात तंगडी धरलेला आदिमानव आला कुठून? साधी गोष्ट आहे. हाड टिकतं, पाला कुजतो. दगडाची हत्यारं टिकतात, करंडी आणि खणायची काठी मातीत जाते. प्रवरेकाठी नेवाशाला ह. धी. सांकलियांनी गाळात दडलेली पुराश्मयुगातली दगडी हत्यारं शोधली. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तेच नेवासे. त्या हत्यारांनी किती प्राणी सोलले आणि किती कंद खणले याचा हिशेब दगड देत नाही. आपण मात्र दिसतील त्या हाडांवरून अख्ख्या जमातीला खाटीक ठरवून मोकळे.

आणि शेतीतून परत शिकारीकडे वळलेले लोक बघायचे असतील तर त्यासाठी अमेरिकेला जायला नको. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकलिया आणि ढवळीकरांनी, १९६८पासून तिथे कितीतरी हंगाम खणलं. इ. स. पू. १६००च्या सुमाराला वसलेलं ते शेतकऱ्यांचं गाव. जव पिकवायचे, पाण्यासाठी पाट काढलेला, चौकोनी घरं, धान्याची साठवण. इ. स. पू. १०००च्या सुमारास पावसाने दगा दिला. घरं आकसून गोल झोपड्या झाल्या, शेती मागे पडली, हरणाची शिकार आणि भटकंती वाढली, आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत गावच उठलं. ढवळीकरांनी त्याचा असा अर्थ लावला आहे. त्या गावकऱ्यांनी मात्र याचं कुठे पुस्तक काढलं नाही, की वजन कमी झाल्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो लावले नाहीत. पीक बुडालं म्हणून हाती लागेल ते खाल्लं, एवढंच.

एवढ्या लांबच्या गोष्टी कशाला, शहाड स्टेशनाबाहेर या. कसारा-आसनगावकडून लोकलने आणि मुरबाडकडून जीपने येणाऱ्या ठाकर-कातकरी बायका फडक्यावर वाटे मांडून बसतात. पावसाच्या तोंडाला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी. थंडीत काळपट सालीचे करांदे. ज्या अन्नासाठी वरच्या मजल्यावर महिन्याचे पैसे भरून ऑनलाइन सल्ला घेतला जातो, ते हे. परवा आमच्याच इमारतीतली एक आदिमानवी जिमच्या पॅंटमध्ये तिथे उभी.

“मावशी, यात कार्ब्स किती असतात?”

“उकडून खायचा, ताई. मीठ घालून.”

“नाही, पण हे पॅलिओला चालतं का?”

“पोरांनापण चालतं.”

“पन्नासला दोन वाटे दे मग.”

एवढं होऊन बाईसाहेबांनी शेवटी पलीकडच्या दुकानातून ब्रोकोली घेतली. दीडशे रुपयांची, तिथे मात्र भाव केला नाही.

त्या मावशीच्या करंडीमागे काम किती असतं ते एकदा समजून घ्या. तिच्याकडच्या कडूकंदाचंच घ्या. कडूकंद हे नाव नुसतं नाव नाही. तो तसाच खाल्ला तर तोंड वाकडं होतं आणि पोट बिघडतं. आधी सोलायचा, मग त्याच्या पातळ चकत्या करायच्या. त्या राखेबरोबर उकडायच्या. मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या, म्हणजे पाणी कडूपणा ओढून नेतं. सकाळी काढून, धुऊन पुन्हा शिजवायच्या, तेव्हा कुठे दोन घास. त्यात लाकूड आलं, डोंगर चढणं-उतरणं आलं, कंदाचा वेल वाळून गेल्यावरही जमिनीत तो कुठे आहे हे ओळखणारी नजर आली. या सगळ्याला मिळून अश्मयुगीन जीवनशैली म्हणतात. आपल्या मंडळींनी त्यातला जेवणाचा भाग उचलला आणि बाकीचं कामवाल्या बाईवर सोडलं.

आणि कातकरी स्वतः काय खातात? सरकारी कागदांत ते ‘आदिम जमात’, महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंडांच्या जोडीने. त्यांच्या घरी आज शिजतो तो रेशनचा तांदूळ. खेकडे मिळाले, नदीला मासे लागले, रानात कंद मिळाला तर त्याच्या जोडीला. पावसाळा सरला की कितीतरी कुटुंबं मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि तिथे उचल फेडत बसतात. आपल्या इमारतीची वीट त्याच हातांची असायची शक्यता बरीच. त्यांना जाऊन सांगा बरं, की भात सोडा, आरोग्याला वाईट.

बरं, शेतीआधीचं खाणं आपल्याकडे नव्हतं अशातलाही भाग नाही. आमच्या आजीच्या पंचांगात ते वर्षातून एकदा ठरलेलं होतं: भाद्रपद शुद्ध पंचमी, गणपती आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचं काही त्या दिवशी खायचं नाही. नांगराने पिकलेला गहू-तांदूळ नाही, डाळ नाही. परसातलं आणि कुंपणावरचं चालतं: अळू, सुरण, लाल माठ, तांबडा भोपळा, दोडका, पडवळ, अंबाडी. मसाला नाही, बहुतेक घरांत फोडणीही नाही. थोडं खोबरं, आंबटाला चिंच आणि एखादी मिरची. सगळं एका पातेल्यात मंद आचेवर शिजतं, अळूची खाज आंबटाने जाते, सुरण मऊ होऊन भाजीला अंग येतं, आणि जी चव येते ती वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही दिवशी करून बघा, येत नाही. धान्य हवंच असेल तर देवभात, तोही आपोआप उगवलेला. त्या व्रतामागची विटाळाची कहाणी मला मुळीच मान्य नाही, ती खुशाल सोडून द्या. भाजी ठेवा.

आजीनेही लबाडी केलीच, नाही असं नाही. त्या भाजीत मक्याचं कणीस घालतात आणि मका अमेरिकेचा. मिरची नि भोपळाही तिथलेच. आषाढीला बिर्ला मंदिराच्या रांगेत उभं राहून घरी येणाऱ्यांचं उपासाचं ताट बघितलंत तर बटाटा, रताळं, शेंगदाणे, साबुदाण्याचा कंद अशी अर्धी दक्षिण अमेरिकाच विठोबाच्या पायाशी लोटांगण घालताना दिसेल. पण आजीने कधी दावा केला नाही, की हे आदिमानवाचं आहे आणि याने कंबर चार इंच कमी होते. ती म्हणायची, आज एवढंच आहे, गप जेवा. आणि दुसऱ्या दिवशी गरम वरणभात वाढायची.

एवढी चर्चा ऐकूनही ज्यांना अश्मयुगात जायचंच असेल त्यांनी जावं, माझी काही हरकत नाही. फक्त फ्लॉवर सोडा आणि स्टेशनाबाहेरच्या मावशीकडून घ्या. शेवळं जूनच्या तोंडाला येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात, तेव्हा उशीर करू नका. सीकेपी घरांत त्यांचं खिम्यातलं कालवण करतात. ते जमलं तर पोळीची आठवणही येणार नाही, निदान दोन घासांपर्यंत. मात्र शेवळं घेताना त्याच मावशीकडून काकडंही मागून घ्या, आंबट हिरवी छोटी फळं असतात ती. त्यांचा रस घालून शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा असा खाजतो की दोन दिवस धड बोलता येत नाही. आमच्या सोसायटीत काहींच्या बाबतीत तेही चालेल, पण तुम्ही काकडं विसरू नका.